आधी जिना पाहून ठेवा



९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी ७ वाचली, १० गेली. ज्याला चालता येत नाही, त्याला कुणीतरी उचलावंच लागतं.

मी सॉफ्टवेअरवाला. परत उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर आम्ही विसंबत नाही. सराव न केलेला सुटकेचा आराखडाही तसाच, नुसता कागद.

आपण सिंदी मेघेची पोरं रक्त द्यायला, रात्री रुग्णापाशी थांबायला दवाखान्यात धावतो. पुढच्या वेळी दोन मिनिटं काढून जिना पाहून ठेवा. आगीत लिफ्ट वापरू नका. रुग्णांना आधी त्याच मजल्यावर, धुरापासून दूरच्या वॉर्डात हलवतात. बाहेर पडायच्या दाराला कुलूप दिसलं, तर तिथंच, आदबीनं विचारा: चावी कुणाकडे?