गुरांचा डॉक्टर कोणाचा?

आपल्या गावात गुरांचा दवाखाना आहे का, असे विचारले तर आपण चटकन उत्तर द्याल. तेथे डॉक्टर केव्हा येतात, हेही सांगाल. पण त्या दवाखान्याचा धनी कोण, असे कुणी विचारले तर आपण म्हणाल, "हा काय प्रश्न झाला? ढोर बरे झाले म्हणजे पुरे!" परवापरवापर्यंत मीही असेच म्हणत होतो. आज याच प्रश्नावर आपल्याशी थोडे बोलणार आहे. मी कॉलेजात मराठी शिकवितो. हिशेबाच्या विषयातला मी तज्ज्ञ नव्हे. तेव्हा बोलणे साधेच असेल.

मी राहतो नालवाडीला, अगदी वर्धा शहराला लागून. सात-आठ वर्षांमागे आमच्या शेजारच्या कास्तकाराची पहिलारू गाय रात्री अडली. वासराचा एक पाय आत दुमडलेला. रात्री एकच्या सुमारास जवळचे एक खाजगी डॉक्टर फटफटीवर आले. त्यांनी गरम पाणी मागितले, साबणाने हात खांद्यापर्यंत धुतला आणि कोठ्यातल्या ओल्या जमिनीवर चक्क आडवे पडून दोन तास खटपट केली. पहाटे वासरू बाहेर आले. पैशांची गोष्ट निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कापूस विकला की द्या. आधी गाय उठू द्या."

या डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे एक खोली आणि एक कपाट. त्या खोलीचे मालक तेच. ते उत्तर देणार ते फक्त आपल्या मनाला आणि गावाला. एखाद्याकडून दोन पैसे जास्त घेतले तर बाजाराच्या दिवशी चार लोक तोंडावर विचारतील, हे त्यांना ठाऊक होते. मालक आणि वैद्य एकच असला म्हणजे त्याला असा धाक असतो, आणि त्यातूनच लोकांचा विश्वास येतो.

आता दूरच्या एका देशाची हकिकत सांगतो. इंग्लंडातही गुरांचे आणि कुत्र्यामांजरांचे डॉक्टर बहुधा असेच होते. दवाखाना डॉक्टरांच्याच मालकीचा असावा, असा तेथे दंडक होता. तो १९९९ साली उठला. मग मोठ्या कंपन्या आणि त्यांच्या पाठीमागचे भांडवल फंड पुढे आले. २०१३ साली तेथील शंभर दवाखान्यांपैकी सुमारे दहा मोठ्या समूहांच्या हाती होते. पुढल्या दहा वर्षांत हा आकडा साठाच्या आसपास गेला. गंमत अशी, की पुष्कळ ठिकाणी जुन्या डॉक्टरांच्या नावाची पाटी तशीच ठेवली. लोकांना वाटे, आपलेच डॉक्टर! बिले वाढू लागली तशी कुरकुर सुरू झाली. शेवटी तेथल्या सरकारी स्पर्धा नियामकाने २०२४ साली कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांची रीतसर चौकशी आरंभली. २०२५ च्या ऑक्टोबरात तात्पुरते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत दरपत्रक जाहीर करावे आणि दवाखाना कोणत्या समूहाचा आहे ते उघड सांगावे, असे उपाय सुचविलेले आहेत. अमेरिकेतही हेच वारे आहे. चॉकलेट करणारी मार्स कंपनी आपण ऐकली असेल. तिने २०१७ साली तेथील जनावरांच्या दवाखान्यांची एक मोठी साखळीच विकत घेतली.

हे भांडवल फंड म्हणजे काय, बरे? इंग्रजीत त्याला प्रायव्हेट इक्विटी म्हणतात. आपल्या कारंजा-आष्टी भागातला संत्र्याचा बगीचा डोळ्यांपुढे आणा. व्यापारी येतो आणि उभा बहर ठोक विकत घेतो. त्याची नजर या बहराच्या फळावर असते. पुढल्या वर्षी झाडाला खत कोण घालील, हा त्याचा प्रश्न नसतो. फंड तर अख्खा बगीचाच विकत घेतो, पुष्कळदा कर्ज काढून. पण तोही जन्मभर ठेवायला नव्हे. पाचसात वर्षांत उत्पन्न फुगवून दाखवायचे आणि चढ्या भावाने दुसऱ्याला विकायचे, हा त्याचा धंदा. संत्र्याच्या व्यापारात हे चालून जाते. पण आजाऱ्याच्या खाटेशी किंवा गाईच्या कोठ्याशी असा पाचसात वर्षांचा धनी बसला म्हणजे गोष्ट वेगळी होते.

आता आपण म्हणाल, "गुरुजी, आमच्या गावची एक खोली नि एक कपाट घ्यायला कोण कंपनी येते?" अगदी बरोबर! कोणी येणार नाही. आणि मला जे सांगायचे आहे ते हेच. आमचे ते डॉक्टर वयोमानाने थकले. माझा एक विद्यार्थी नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकून निघाला होता. तो ती खोली चालवील, असे आम्हां साऱ्यांना वाटले. तो पुण्याला गेला, कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांच्या एका साखळीत. दिवाळीत भेटला तेव्हा मी थोडे रागानेच विचारले. तो म्हणाला, "सर, पगार वेळेवर येतो. यंत्रे चांगली आहेत. रात्री झोप मिळते. गावात मला हे कोण देणार होते?" मी गप्प बसलो. कारण तो खरे बोलत होता. मग तो हळूच म्हणाला, "एकच खुपते, सर. महिन्याला वरून आकडा येतो. इतक्या रक्ततपासण्या, इतके एक्स-रे. जनावर तपासताना तो आकडा डोळ्यांपुढे येतो."

श्रोते हो, शहरात मालक बदलला की गाव असे रिकामे होते. खेड्यातला दवाखाना कोणी विकत घेत नाही. त्यातला डॉक्टर मात्र जातो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचाराचा अधिकार नोंदलेल्या पशुवैद्यकाला दिला. म्हणजे हात कोणाचा, हे ठरले. त्या हातामागची थैली कोणाची, हे आपण विचारायचे आहे.

आणि हा प्रश्न आमच्या मातीला नवा नाही. विनोबा १९३२ साली नालवाडीत येऊन राहिले. गोपाळराव वाळुंजकरांनी येथे चर्मालय चालविले. आपोआप मेलेल्या ढोरांचे कातडे तेथे कमावले जाई. मेलेल्या जनावराचेही मोल गावातच राहावे, ही त्यामागची दृष्टी. शेजारीच गोपुरी. जमनालाल बजाज यांनी १९४१ साली गोसेवा संघाचे काम हाती घेतले आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये ते गेले. त्याच सुमारास गांधीजींनी 'हरिजन'मध्ये मत मांडले, की गोपालन एकट्यादुकट्याला पेलणार नाही, ते गावाने मिळून करावे. जे गाईचे तेच तिच्या डॉक्टरचे, असे मला वाटते.

हे नुसते स्वप्न नव्हे. उरळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बाएफ ही संस्था काढली आणि रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारात नेली. कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ आपल्या सभासदांच्या गुरांसाठी पशुवैद्यकीय सेवा चालवितो. तेथे धनी आहेत दूध घालणारे. जिल्हा परिषदांचे दवाखाने तर आपलेच आहेत. पण ज्याचा धनी जागा नाही, ते शेत चोरांचे!

मग करायचे काय? एक, दवाखान्यात डॉक्टरांची जागा भरलेली आहे की रिकामी, हे प्रत्येक ग्रामसभेत विचारा आणि ठरावात लिहून घ्या. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक कोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा. दुसरे, दहावीस गोठेवाल्यांनी मिळून तरुण डॉक्टरला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, राहायला खोली द्यावी, आणि रात्रीचे बोलावणे खऱ्या अडचणीलाच करावे. त्यालाही झोप आहे, बायकामुले आहेत. उधारी वर्षभर थकवून आपणच त्याला पुण्याची गाडी दाखवितो, हे विसरू नका. तिसरे, उपचाराआधी खर्च विचारा. औषध विकणारा आणि औषध लिहून देणारा एकाच थैलीचा आहे का, हेही विचारा. यात डॉक्टरचा अपमान नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या मुलांकडून गावातल्या गुरांची मोजणी करवा आणि त्यांचा डॉक्टर किती कोसांवर आहे ते लिहवून घ्या. तो तक्ता शाळेच्या भिंतीवर लावा. भूगोलाचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

शेजारची ती गाय आता चार वेतांची झाली आहे. पाचव्या वेळी ती रात्री अडली, तर कोण येईल? या प्रश्नाचे उत्तर आज तरी आमच्या नालवाडीजवळ नाही. आपल्या गावाजवळ आहे का, तेवढे आज घरी बोलून पाहा.