दस्तरखान सगळ्यांचा

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



माझा विषय पत्रिकेवर ‘सकस आहार आणि घरच्या घरी करायच्या वस्तू’ असा छापलाय. काल इथे संविधानावर, कायद्यावर, शिक्षणावर बोलणं झालं आणि आज एकदम भाजी-भाकरी. मघाशी मागच्या रांगेतला एक जण कुजबुजला, “हा विषय मुलींच्या गटात ठेवायला हवा होता.” त्या कुजबुजीपासूनच सुरुवात करतो, कारण त्याच्या वयाचा असताना मीही हेच म्हणालो असतो.

आमच्या घरी आम्ही पाच जण. दस्तरखान अंथरला की अब्बा, मी आणि धाकटा भाऊ आधी बसायचो. गरम भाकऱ्या एकेक करून येत राहायच्या. मग बहीण बसायची. अम्मी सगळ्यांत शेवटी, स्वयंपाकघरातच, पातेलं पुसून जेवायची. तोवर कालवणात बोटी उरलेली नसायची, रस्साच असायचा. “मला बोटी आवडत नाही,” असं ती म्हणायची आणि आम्ही ते वीस वर्षं खरं मानलं.

मी बीएड करत होतो त्या वर्षी ती नळावर चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 6.9. बाईचं किमान 12 असावं लागतं. डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, “ह्या रोज काय जेवतात?” अब्बांनी माझ्याकडे बघितलं, मी भावाकडे. आम्हा तिघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. अब्बांना मीठ किती लागतं, मला कोणती भाजी चालत नाही, हे सगळं तिला पाठ होतं. तिच्या ताटात काय असतं हे मात्र आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. पुढे कळलं की तिला कलेजी फार आवडते.

ही एका घराची गोष्ट नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये तो 25 टक्के आहे. मासिक पाळी, बाळंतपणं ही कारणं आहेतच. पण जिथे बाई शेवटी आणि उरलंसुरलं जेवते, तिथे झालेली झीज भरून निघणार कशी? म्हणून सकस आहाराचा पहिला प्रश्न ‘काय खायचं’ हा नाही. ‘कोण कधी जेवतं आणि कुणाच्या वाट्याला काय येतं’ हा पहिला प्रश्न आहे.

इथे कुणी म्हणेल, आपल्यात पहिल्यापासून असंच चालत आलंय. मी आलिम नाही, वाज करायला उभा नाही. पण लहानपणी मदरशात जे ऐकलं ते सांगतो. पैगंबर घरी असताना काय करायचे, असं हजरत आयेशांना विचारलं गेलं, तेव्हा ते घरच्यांच्या कामात असायचे, असं त्यांनी सांगितलं. आपली चप्पल ते स्वतः दुरुस्त करायचे, आपले कपडे स्वतः शिवायचे, अशीही रिवायत आहे. पोटाचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा ही शिकवणही आपण ऐकलेली असते. सुन्नत म्हणून दाढीची लांबी मोजणारे खूप भेटतात. सुई-दोरा हातात घेणारे किती भेटतात?

आता ताटाकडे येऊ. सकस म्हणजे महाग, हा गैरसमज आधी काढून टाका. डब्यातली प्रोटीन पावडर आणि परदेशी फळं लागत नाहीत. आपल्या आज्या जे करत होत्या त्यात बरंच आहे. दालचा घ्या. डाळ, दुधी आणि चार बोट्या, एका पातेल्यात पूर्ण जेवण. खिचडा घ्या. गहू, डाळी आणि गोश्त. मराठवाड्यातली ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, कोकणातली नाचणी, कुळीथ आणि सुकट. हे सगळं आपलंच आहे. बिघडलं ते प्रमाण. दालच्यातला दुधी कमी झाला आणि वर तेलाचा तवंग वाढला. शुक्रवारच्या बिर्याणीबरोबर कोलाची बाटली आली. अशा 250 मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते. मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घ्यायची साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा हिशेब संपला. त्याऐवजी लिंबू-सब्जाचं सरबत करा, साखर जेमतेम. रमजानमध्ये खजुराने रोजा सोडतो ते छानच. पण त्यानंतर भजी, समोसे आणि लाल सरबत रोज तीस दिवस, हे उपवासाच्या कुठल्या हेतूत बसतं?

रक्त वाढवण्यासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पालेभाजी, डाळ, अळीव यांतलं लोह अंगी लागायला लिंबू, आवळा, पेरू यांची मदत होते. जेवताना लिंबाची फोड प्रत्येकाच्या ताटात हवी, फक्त पाहुण्यांच्या नको. दोन, जेवल्या जेवल्या चहा पिऊ नका. चहा लोह अडवतो. निदान तासभर थांबा. तीन, रक्तक्षय जास्त असेल तर नुसत्या आहाराने भागत नाही. तपासणी करा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण करा. अम्मीनेही गोळ्या घेतल्या.

आता हाताने करायच्या वस्तू. मी तीनच सांगणार आहे आणि तिन्हींचा संबंध याच विषयाशी आहे.

पहिली, ऊबपेटी. चूल होती तेव्हा वैलावर डाळ आपोआप शिजत राहायची. तीच युक्ती आहे. पातेल्यापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं मोठं खोकं किंवा जुनी ट्रंक घ्या. तळाला आणि बाजूंना जुनी गोधडी, स्वेटर, कपडे घट्ट दाबून बसवा आणि मधे पातेल्यापुरती जागा ठेवा. वर ठेवायला एक जाड उशी शिवा. तासभर भिजवलेली तूरडाळ किंवा मसूर झाकण लावून पंधरा मिनिटं चांगली उकळा. लगेच पेटीत ठेवा, वर उशी दाबा आणि दोन तास उघडू नका. काढल्यावर पुन्हा एक उकळी आणून फोडणी द्या. सुरुवात डाळ-भाताने करा. राजमा आणि गोश्त यात नको, ते गॅसवरच नीट शिजवा. गॅस वाचतो हे खरं, पण त्याहून मोलाचं म्हणजे शेगडीपाशी उभं राहायचे ते दोन तास कुणाला तरी परत मिळतात.

दुसरी, मेथीचं खोकं. मासळी बाजारात थर्माकोलची रिकामी खोकी मिळतात. गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन उन्हात वाळवा, तळाला भोकं पाडा, चार बोटं माती आणि थोडं खत घाला. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरा, वर मातीचा पातळ थर द्या. मुंबईकरांनी वाळूत उगवलेली समुद्रमेथी खाल्ली असेल, तशी कोवळी मेथी पंधरा-वीस दिवसांत कापता येते. शेजारी पुदिन्याच्या काड्या खोचा. खिडकी एवढी पुरे. पाणी घालायची जबाबदारी घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला द्या. आपण उगवलेली भाजी मूल ताटात टाकत नाही.

तिसरी वस्तू मला सगळ्यांत प्रिय आहे, दस्तरखान. प्लॅस्टिकचा नको. जुन्या ओढण्या, अब्बांचे सदरे, फाटक्या साड्या यांचे चौकोन कापा, जोडा, खाली जुनी चादर लावा आणि गोधडीसारखा धावदोरा घाला. घरातल्या प्रत्येकाने निदान एक चौकोन शिवायचा. मुलग्यांनीसुद्धा, अब्बांनीसुद्धा. आमच्या घरी अब्बांचे टाके वाकडे आले आणि बोटाला दोनदा सुई टोचली. अम्मी तेव्हा हसली तशी मी तिला फार दिवसांनी पाहिली. त्या दिवशी आम्ही एक नियम केला. हा दस्तरखान घरातली शेवटची व्यक्ती येऊन बसल्याशिवाय उघडायचा नाही. भाकऱ्या आधी करून कपड्यात गुंडाळून ठेवायच्या. थोड्या निवल्या तर निवल्या. आणि कलेजी आणली की पहिला वाटा अम्मीचा.

सुरुवातीला सगळ्यात जास्त विरोध अम्मीनेच केला. “मी बसले तर वाढणार कोण?” पातेलं मधे ठेवलं, प्रत्येकाने आपापलं घेतलं. पंधरा दिवसांत सवय झाली. सात-आठ महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन 11.4 झालं.

18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लीम महिला मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. मागणी कायद्यातल्या बरोबरीची होती. ती लढाई लांबची आहे, ती चालूच ठेवायची आहे. पण घरातल्या बरोबरीसाठी कुठल्या विधेयकाची वाट बघावी लागत नाही. ती आज रात्री आणता येते. तलाकच्या प्रश्नावर टाळ्या घेणारा कार्यकर्ता घरी जाऊन ताटावर बसून “पाणी” असं ओरडत असेल, तर त्याच्या भाषणावर त्याची बहीण तरी विश्वास ठेवेल का?

म्हणून घरी गेल्यावर एकच काम करा. आज अम्मी, बहीण, बायको, वहिनी, आजी यांनी काय जेवलं ते विचारा. विचारून थांबू नका, बघा. उत्तर माहीत नसेल तर माझ्यासारखी वीस वर्षं घालवू नका. आणि मागच्या रांगेतल्या माझ्या मित्रा, दुपारच्या जेवणाला वाढप आज आपल्या दोघांकडे आहे. चल.