चित्रग्रीवाची मंद भरारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



बालवाङ्मयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. आमचा अधिकार बी. ए. पुरता आणि हयात फायलींत गेलेली. तेव्हा एका अपुऱ्या वाचनाची कबुलीच आपणांपुढे देतो.

जुने दिल्लीकर ज्याला अजून कर्झन रोड म्हणतात, त्या कस्तुरबा गांधी मार्गावरील अमेरिकन सेंटरच्या ग्रंथालयातून आम्ही धाकट्या कन्येसाठी धनगोपाळ मुखर्जी यांचे 'गे-नेक' आणले. मुखर्जी बंगालचे, तरुणपणीच अमेरिकेस गेले. १९२७ साली निघालेल्या या कादंबरीस १९२८ चे न्यूबेरी पदक मिळाले. कलकत्त्याच्या एका मुलाने पाळलेले कबूतर पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये हिंदी फौजेचे निरोप वाहते, एवढे ऐकूनच कन्या हरखली. कबुतराचे मूळ नाव चित्रग्रीव, म्हणजे पंचतंत्रातल्या कपोतराजाचेच. तेवढ्या ओळखीवर आम्हीही हुरळलो.

परंतु युद्ध येते कधी? पिलू अंड्यातून बाहेर येते, उडावयास शिकते, दिशा ओळखू लागते, हिमालय येतो, ससाणे येतात. जवळजवळ निम्मे पुस्तक सरते. कन्येचे इंग्रजी आमच्याहून सफाईदार, पण रात्रीची गोष्ट मराठीतूनच हवी, हा तिचा हट्ट. आमच्या मातुःश्रींनी लावलेले ते वळण. त्या गेल्या, वळण राहिले. एकेक वाक्य मनात घोळवून मराठीत मांडावयाचे! टिपणाचा शेवटचा परिच्छेद आधी वाचणारे आम्ही. तिसऱ्या पानाला डुलकी लागे. एके रात्री चार पाने गुपचूप उलटली.

"बाबा, तो ससाणा कुठे गेला?"

आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

"आजी असं गाळत नसे," एवढेच ती म्हणाली आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी ती चार पाने वाचली. पदक देणारे ग्रंथपाल होते, मुले नव्हती, हे आमचे मत अद्याप कायम आहे. मात्र सातासमुद्रांपार बसलेल्या माणसाने आपल्या गच्चीवरचे आभाळ लौकर आटोपावे, अशी अपेक्षा निदान आपण दिल्लीत बसून कोणत्या तोंडाने करावी?

आता युद्ध झाले आहे. चित्रग्रीव परतला आहे, पण भयाने उडत नाही; हिमालयातल्या मठात लामा त्याला धीर देत आहेत. काल 'धास्ती' या शब्दापाशी कन्या अडली. आजी तो कोठे कोठे वापरीत असे, हे सांगता सांगता रात्र झाली. अकरा पाने उरली आहेत, आणि ग्रंथालयाची मुदत तिसऱ्यांदा वाढवून घेतली आहे.