निःशब्द चित्रपट आणि कुंडलिकेचें पाणी



‘संसार’ हें संस्कृत नांव धारण केलेला रॉन फ्रिके यांचा अमेरिकन चित्रपट २०११ सालीं प्रकाशांत आला. त्याला बोलपट म्हणतां येत नाहीं. त्यांत संवाद नाहीं, निवेदन नाहीं, आहे तें केवळ चित्र आणि संगीत. सुमारें ५ वर्षें २५ देश हिंडून ७० मिलिमीटरच्या फितीवर टिपलेलीं हीं दृश्यें इतकीं देखणीं आहेत कीं दृष्टि खिळून राहते. लडाखमधील भिक्षु रंगीत वाळूचें मंडल कणाकणानें रचतात आणि अखेर आपल्याच हातांनीं पुसून टाकतात. जावा बेटावरील ज्वालामुखीच्या विवरांतून मजूर गंधकाच्या टोपल्या खांद्यावर वाहून आणतात. सौंदर्य आणि दुःख एकाच पानांत वाढलेलें. तरीहि पाहणारा उपाशीच उठतो. असें कां व्हावें?

मंडलाचें दृश्य आपणांस तत्काळ भिडतें. पेण, हमरापूर, जोहें या गांवीं गणेशमूर्ति घडतात. तेथील कारागीर ज्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी जीव ओतून करतो, ती पाण्यांत जावयाची हें त्यास ठाऊक असतें. विसर्जनाचा अर्थ आपण लहानपणींच ऐकलेला असतो, म्हणून तें मुकें चित्रहि आपल्याशीं बोलतें. गंधकाच्या हमालाचें तसें नाहीं. त्याची मजुरी किती, तो गंधक कोणत्या कारखान्यांत जातो, हें कांहींच कळत नाहीं. मग त्याचा घामहि सूर्यास्तासारखा एक देखावा होऊन बसतो.

हाच कॅमेरा पेणेहून रोह्याकडे, कुंडलिकेच्या कांठीं आणला तर? हिरवीं झाडें, भरलेली नदी, कोलाडपाशीं लाटांवर उसळणाऱ्या होड्या. चित्र सुंदरच येईल. परंतु भर उन्हाळ्यांत हें पाणी येतें कोठून? तें मुळशीच्या धरणाचें. सह्याद्रीच्या माथ्यावरून तें भिरा येथें उतरवून टाटांच्या वीजगृहांत वीज निर्माण करतात, आणि मग तें कुंडलिकेस मिळतें. त्या धरणाखालीं आपल्या जमिनी जाऊं नयेत म्हणून १९२१ सालीं सेनापति बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासह मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. तरीहि धरण झालें, गांवें बुडालीं. ज्यांनीं सोसलें ते आपल्या चित्राच्या चौकटींत येतच नाहींत. त्यांचीं शेतें घाटापलीकडे पाण्याखालीं आहेत. तेथें शब्दच पोंचूं शकतो.

शब्द घातले असते तर चित्रपटाचें व्याख्यान झालें असतें, असें त्याचे चाहते म्हणतील. परंतु व्याख्यान कोण मागतो? एका गांवाचें नांव, एक साल, मजुरीचा एक आंकडा एवढें पुरे होतें. कारण गाळलें कीं दुःख हें दैव वाटूं लागतें, आणि दैवापुढें माणूस हळहळून घरीं जातो.

तेव्हां हा चित्रपट अवश्य पाहावा. मात्र त्यानंतर त्या गंधकवाल्यांची हकीकत कोठें तरी मिळवून वाचावी. आणि कुंडलिकेच्या कांठीं सहलीस जाल तेव्हां बरोबरच्या मुलांना मुळशीचें नांव अवश्य सांगा.