बँकॉकचा वैशाख



या व्याख्यानमालेत मी आजवर तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसत आलो. दवाखाना तासभर आधी बंद करायचा आणि इथे यायचं, हा दरवर्षीचा परिपाठ. या वर्षी मंडळाने मला इकडे उभं केलं आणि 'विषय तुमच्या आवडीचा घ्या' म्हणाले. होमिओपॅथीवर बोललो तर निम्मे उठून जातील आणि उरलेले पुढे येऊन गुडघे दाखवतील. म्हणून प्रवासावर बोलतो.

आमचा मुलगा बँकॉकला नोकरीला आहे. नातवाच्या सुट्टीचा हिशोब धरून मे महिन्यात आम्ही दोघं तिकडे गेलो. तुम्ही कधी जाणार असाल तर मे टाळा, हे पहिल्यांदा सांगून टाकतो. पण टाळलात तर जे मी सांगणार आहे ते पाहायला मिळणार नाही, हेही खरं.

आपण बेळगावकर. गरिबांचं महाबळेश्वर म्हणून मिरवणारे. मेमध्ये दुपारभर तापलं तरी चारच्या सुमाराला ढग भरून येतात, वळीव कोसळतो, कधी गारा पडतात आणि रात्री चादर ओढावी लागते. बँकॉकलाही वळीवच म्हणावा असा पाऊस येतो. दुपारनंतर आभाळ काळं होतं, तासभर मुसळधार. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दीड मीटर उंच, पूर्वीचे कितीतरी कालवे बुजवून त्यांचे रस्ते केलेले. त्यामुळे पाणी जाणार कुठे? घोट्याएवढं साचतं. फरक एवढाच की पाऊस थांबल्यावर गारवा येत नाही. रस्त्यातून वाफ निघते. तापमापक पस्तीस दाखवतो, पण हवा इतकी ओली की घाम वाळतच नाही. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता गळून नव्हे. आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, घाम येतोय म्हणजे बरं चाललंय. तिथे तसं नाही.

भाषेची मौज आधी सांगतो, कारण तुम्ही वाङ्मयाची माणसं. तिथल्या लोकांच्या तोंडी शहराचं नाव बँकॉक नाही, 'क्रुंग थेप'. थेप म्हणजे देव. पूर्ण नाव भलंमोठं आहे, त्यात रत्न, महेंद्र, अयोध्या सगळे येऊन जातात आणि शेवट होतो तो शक्राने दिलेलं, विश्वकर्म्याने बांधलेलं नगर अशा अर्थाने. शक्र हे नाव आम्हा जैनांच्या रोजच्या ओळखीचं. सौधर्म इंद्र तो हाच. हे नगर 1782 साली पहिल्या राम राजाने वसवलं. ऋतूला ते 'रुदू' म्हणतात. मे महिन्याचं नाव 'फ्रुत्साफाखोम', ते सोडवलं की निघतं वृषभ-आगम, म्हणजे सूर्याचा वृषभ राशीत प्रवेश. जून म्हणजे मिथुनायन. शाकाहाराला शब्द आहे 'मंगसाविरत', म्हणजे आपलं मांसविरती! मात्र या शब्दावर विसंबू नका, त्यात अंडं येऊ शकतं. आमच्यासारख्यांनी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरातला 'जे' शोधावा. चिनी बौद्धांचं ते व्रताचं जेवण. त्यात मांस, अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. बटाटा असतो, तो आपण बाजूला काढायचा. आणि पाण्याला ते म्हणतात 'नाम'. पहिल्या दिवशी नातू 'नाम, नाम' करत फिरत होता, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना वाटलं, पोरगा नामस्मरणाला लागला.

वृषभाच्या महिन्यात बैल पाहायला मिळाले. राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानावर दरवर्षी मेमध्ये राजनांगरणी होते. ब्राह्मण शंख फुंकतात, नांगरणीचा मुख्य मानकरी आधी तीन घडी केलेल्या वस्त्रांतून न पाहता एक उचलतो. लांब निघालं तर पाऊस कमी, आखूड निघालं तर भरपूर. मग सजवलेल्या बैलजोडीने जमीन नांगरून भात पेरतात आणि शेवटी बैलांपुढे सात गोष्टी ठेवतात: भात, मका, मूग, तीळ, गवत, पाणी आणि दारू. बैल ज्याला तोंड लावतील त्यावरून वर्षाचं भाकीत. दारू प्यायले तर परदेशी व्यापार वाढणार म्हणे! आपल्याकडे ज्येष्ठ पौर्णिमेला बेंदूर, कानडी घरांतून कारहुणवी. कर तोडताना कोणत्या रंगाचा बैल पुढे सुटतो त्यावरून कोणतं पीक साधणार ते आपले शेतकरी सांगतात. मी कडेला उभा राहून माझ्या आजोळच्या गावाची वेसच पाहत होतो. समारंभ संपला आणि लोक पेरलेलं बी वेचायला धावले, घरच्या बियाण्यात मिसळायला. सुटाबुटातले लोकही मातीत गुडघे टेकून वेचत होते.

वैद्यकातल्या माणसाने वाट फो चुकवू नये. प्रवासी तिथे पहुडलेला बुद्ध पाहतात आणि निघतात. त्या आवारात तिसऱ्या राम राजाने एकोणिसाव्या शतकात शिळा कोरवून घेतल्या. औषधं, रोग, मर्दनाच्या नाड्या, सगळं सामान्य माणसाला वाचता यावं म्हणून उघड्यावर. 2011 मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतीत नोंद केली. आवारात अंग वळवून बसलेल्या ऋषींचे पुतळे आहेत. थाई वैद्य आपला आद्य गुरू मानतात जीवकाला, बुद्धाच्या वैद्याला. राजगृहात टाकून दिलेलं मूल, राजपुत्र अभयाने वाढवलं, तक्षशिलेला शिकलं. गुरूने परीक्षेला सांगितलं, योजनभर परिसरात जे औषधी नाही ते घेऊन ये. हा रिकाम्या हाताने परतला. हा अभय म्हणजे बिंबिसाराचा मुलगा. बिंबिसार म्हणजे आपला श्रेणिक, आणि अभय म्हणजे आपल्या कथांतला अभयकुमार. लहानपणी बस्तीत ऐकलेला माणूस इतक्या लांब, परक्या गावात भेटला, तेव्हा मी क्षणभर खाली बसलो.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो.

नांगरणीनंतर दोनच दिवसांनी वैशाख पौर्णिमा आली, त्यांची विसाखा बूचा. संध्याकाळी हातात फूल, उदबत्ती, मेणबत्ती घेऊन लोक मंदिराला तीन प्रदक्षिणा घालतात. सौ.ची इच्छा होती. दुपारी पाऊस झाला होता, वारा शून्य. सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळला. आमच्या सौ.चा पंचवीस वर्षांचा नियम आहे, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. बेळगावात त्याचा कधी त्रास झाला नव्हता. पण त्या दिवशी स्वच्छतागृहाच्या अडचणीने तिने दिवसभर पाणी बेतानेच घेतलं होतं. बायका हे करतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. डॉक्टर घरचा असला तरी.

तिसऱ्या प्रदक्षिणेत ती पायरीवर बसली. चेहरा पांढरा, अंग गार आणि ओलं, पोटरीत गोळे, नाडी एकशेवीसच्या पुढे. मुलगा टॅक्सी बघायला गेला. मी बाटली उघडून तिच्यापुढे धरली. तिने मान हलवली.

"अगं, हे औषध समज."

"औषधसुद्धा उद्या. अहो, नियम माझा आहे, तुमचा नाही."

माझ्या पेटीत ग्लोनॉइन होतं. पण गोळीही तोंडात जाणार नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पेटी आठवली नाही, पाणीच आठवलं. शेजारच्या एका थाई आजींनी न विचारता ओला रुमाल तिच्या मानेवर ठेवला आणि हातपंख्याने वारा घालायला लागल्या. मी तिला आडवं केलं, पाय उंच केले.

मग मी तिला म्हटलं, "तुझं बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग तापलं, तर मी तुला विचारणार नाही. सरळ सलाईन."

ती डोळे मिटूनच म्हणाली, "तेव्हा मी शुद्धीतच नसेन. मग तुमचं तुम्ही बघा."

एवढ्यावर आमचा करार झाला. वातानुकूलित खोलीत ओली चादर, पंखा, आणि मी दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजत, तिला तिचं नाव, गाव, नातवाची इयत्ता विचारत. रात्री एकला ती वैतागून म्हणाली, "दुसरीतच आहे तो, एका रात्रीत तिसरीत नाही जाणार." तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला. सकाळी सहाच्या आत सूर्य उगवला आणि तिने हात पुढे केला.

मी वागलो ते बरोबर होतं का? सुनेच्या मते चूक. माझा दुसरा कोणी रुग्ण असता, तर मीही चूकच म्हटलं असतं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा नियम असेल आणि तुम्ही अशा हवेत जाणार असाल, तर माझ्यासारखं रात्रीपर्यंत थांबू नका. त्याची तजवीज सकाळीच करायची असते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे उन्हं वर यायच्या आत सुरू करा. बाहेर पडायचं ते सकाळी दहापर्यंत. निघण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पुरुषाने स्वतः पाहून ठेवावं, आणि बाईला ते मोठ्याने सांगावं.

उरलेले दिवस आम्ही तसेच काढले. संध्याकाळी सहाला सौ. खिडकीपाशी खुर्ची घ्यायची, समोर गाळलेल्या पाण्याचे तीन पेले. नातू घड्याळ घेऊन उभा. पहिला पेला झाला की तो ओरडायचा, "आजी, नाम!" आणि ती दुसरा उचलायची. बाहेर पाऊस लागलेला असायचा, सूर्य दिसायचा नाही. मग ती मला विचारायची, "अहो, मावळला का?" मी घड्याळाकडे बघून म्हणायचो, "अजून नऊ मिनिटं आहेत. घे."