खूण आणि चाहूल

(सुरत येथे मराठी शिक्षक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी रसायनशास्त्राचा मास्तर. भाषेच्या व्यासपीठावर माझे काय काम, असे तुम्हांला वाटणे साहजिक आहे. पण माझ्या हातून झालेली एक चूक प्रयोगशाळेत जितकी झाली तितकीच मराठीत झाली, म्हणून ती इथे सांगतो.

2006 च्या ऑगस्टमध्ये तापी आपल्या घरांत शिरली होती. पाणी ओसरल्यावर आईने खराट्याने ओढून काढलेल्या गाळाचा वास आजही माझ्या नाकात आहे. तो उद्योग जिवाणूंचा. असाच गाळ तापी खंभातच्या आखातात नेऊन टाकते आणि त्यातला थोडा पुढे अरबी समुद्राच्या तळापर्यंत जातो. 2015 च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या जहाजाने लक्ष्मी खोऱ्यात, सुमारे 3600 मीटर पाण्याखाली, तळापासून आणखी 1100 मीटर खोल छिद्रे घेतली. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक होते गोव्याचे धनंजय पांडे. मुख्य हेतू मोसमी पावसाचा आणि हिमालयाचा इतिहास वाचण्याचा होता. पण असा गाळ वर आला की एक प्रश्न उभा राहतोच: तिथे, अंधारात, कोणी जिवंत आहे का?

सूक्ष्मदर्शकात ठिपके दिसतात, पण मेलेला ठिपका आणि जिवंत ठिपका बहुधा सारखाच दिसतो. म्हणून पेशीच्या अंगातली रसायने शोधायची. ही विद्या मूळची खनिज तेलवाल्यांची. 1930 च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तेलात हरितद्रव्याचे अवशेष ओळखले. ती वनस्पती मरून कोट्यवधी वर्षे झालेली. म्हणजे ते रसायन ‘इथे कोणी होते’ एवढेच सांगते, ‘आहे’ म्हणत नाही.

‘आहे’ म्हणायला नाशवंत रसायन लागते. पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूला फॉस्फेटचे डोके असते. पेशी मेली की ते लवकर तुटते. डोके जागेवर सापडले तर जीव नुकताच होता किंवा आहे. मराठीत यासाठी दोन सुंदर शब्द आयते पडलेले आहेत: पहिली ती खूण, दुसरी ती चाहूल. पाठ्यपुस्तकी भाषेत मात्र आपण दोन्हींना ‘जैवचिन्ह’ म्हणून मोकळे होतो.

अर्थात निसर्ग आपल्या शब्दांना जुमानत नाही. आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या काही रेणूंना फॉस्फेटऐवजी साखरेचे डोके असते, आणि ते थंड गाळात फार काळ टिकते. 2008 साली ‘नेचर’मध्ये अशा रेणूंच्या आधारे खोल गाळात आर्कियांचेच राज्य आहे असे मांडले गेले. पुढे शंका निघाली की त्यातला बराच भाग मेलेल्यांचा असावा. चाहूल म्हणून धरली ती खूणच निघावी, तसे. शिवाय लक्ष्मी खोऱ्यातला तीनशे मीटरहून जाड एक थर सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी गुजरातच्या बाजूच्या उथळ समुद्रातून घसरून आलेला आहे. त्यातली खूण खरी असली तरी दुसऱ्या गावची असू शकते!

आणि बीजाणूंचे काय करायचे? काही जिवाणू कठीण काळात स्वतःला टणक कवचात कोंडून घेतात. त्यांच्या आत डायपिकोलिनिक आम्ल असते, त्यावरून ते मोजता येतात. 2012 च्या एका अभ्यासात खोल गाळात ते जाग्या पेशींइतकेच भरले. ते मेलेले नाहीत, पण त्यांची हालचालही नाही. खात्री करायची तर खायला घालून पाहावे. दक्षिण पॅसिफिकमधल्या दहा कोटी वर्षे जुन्या गाळातल्या जिवाणूंना जपानी संशोधकांनी ओळखू येईल असा कार्बन आणि नायट्रोजन दिला. त्यांनी तो खाल्ला, आणि ते वाढलेही. हे 2020 साली प्रसिद्ध झाले.

आता माझी चूक. माझ्या एका विद्यार्थिनीने डुमसच्या खाडीतला गाळ, हातभर खोलीवरचा, तपासला. आलेखात दोन ठसठशीत शिखरे आली: पामिटिक आणि स्टिअरिक आम्ल. अहवालात मी ‘सजीव आढळले’ असे वाक्य घातले. तिने ते परिसंवादात वाचले, टाळ्याही घेतल्या. महिन्याभराने तिनेच गाळ न घालता, रिकाम्या बाटलीवर सगळी क्रिया करून पाहिली. तीच दोन शिखरे, जवळजवळ तेवढीच उंच. ही आम्ले माणसाच्या बोटांच्या तेलातही असतात. आम्ही आमचेच हात मोजले होते. कोरा नमुना आधी लावायचा हे तिला सांगणे माझे काम होते, आणि टाळ्यांनंतर चूक कबूल करायला उभी राहिली ती एकटी. मी मागच्या बाकावर बसून होतो.

पुढच्या वर्षी आम्ही काचेची भांडी भट्टीत 450 अंशांवर तापवून, हातमोजे घालून पुन्हा काम केले. या वेळी कोऱ्या नमुन्यापेक्षा गाळातली शिखरे बरीच उंच आली. मी म्हटले, आता लिही, सजीव आहेत. ती म्हणाली, “सर, फॉस्फेटचं डोकं शाबूत आहे का ते बघणारं यंत्र आपल्याकडे नाही.” तिने लिहिले: ‘खूण आढळली. चाहूल तपासलेली नाही.’ परीक्षकांनी दुसऱ्या वाक्याखाली लाल रेघ मारून ‘भाषा शास्त्रीय नाही’ असा शेरा दिला. तिने वाक्य बदलले नाही, आणि या वेळी तिच्या शेजारी मी उभा होतो.