विलगीकरण आणि बहिष्कार : साथीच्या पहिल्या उन्हाळ्याचा धडा

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत वैद्यकीय विभागाने बोलावयाचे म्हणजे नवी यंत्रसामग्री, आरोग्य शिबिरे आणि शस्त्रक्रिया यांचा आढावा घ्यावयाचा, अशी आपली प्रथा आहे. तो तपशील अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज विश्वस्तांच्या संमतीने आम्ही २०२० सालच्या मार्च ते जून या चार महिन्यांविषयी बोलणार आहोत. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर लोक ते दिवस हळूहळू विसरत गेले, आणि ते स्वाभाविकही आहे. रुग्णालयाला मात्र विसरण्याची मुभा नसते. त्या उन्हाळ्यात आमच्या हातून एक चूक घडली, आणि तिच्यातून एक नियम निर्माण झाला. तो नियम आजही पाळला जातो. परंतु नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांना त्याचे कारण ठाऊक नाही. ते सांगणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिल्या रुग्णांची नोंद झाली. १३ मार्चला राज्यात साथरोग कायदा लागू झाला, २२ मार्चला जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. वडूजचा आठवडा बाजार बंद पडला. एस. टी. थांबली आणि स्थानक ओस पडले. तालुक्याच्या गावाचे जे नित्याचे स्वरूप, म्हणजे कचेरीच्या कामाला आलेली माणसे, बी-बियाण्यांच्या दुकानांपुढील गर्दी, चहाच्या टपऱ्या, ते एका रात्रीत नाहीसे झाले. आमचा बाह्यरुग्ण विभागही रिकामा झाला. आजार कमी झाले होते असे नव्हे. आजारी माणसांना येता येत नव्हते.

रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी ही रोजची गोष्ट. ती चुकली तर त्या दिवशी काही होत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी होते. म्हणून आम्ही एका महिन्याऐवजी दोन महिन्यांची औषधे देऊ लागलो. २५ मार्च २०२० रोजी दूरध्वनीवरून सल्ला देण्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने प्रसिद्ध केली आणि आमच्या दोन दूरध्वनींना दिवसभर उसंत मिळेनाशी झाली. पलीकडून एखादी सून सासऱ्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावरील अक्षरे एकेक करून वाचून दाखवी. पाकीट फाटलेले असेल तर “पांढरी, मधोमध रेघ असलेली” एवढ्या खुणेवरून आम्हांला औषध ओळखावे लागे. बचत गटांच्या भगिनींनी सुती कापडाचे मुखपट्टे शिवून दिले. आशा सेविका उन्हातान्हात घरोघर जाऊन ताप-खोकल्याची विचारपूस करीत होत्या.

रब्बीची ज्वारी नुकतीच घरात आली होती, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरी भाकरीची विवंचना नव्हती. विवंचना होती ती हातावर पोट असलेल्यांची. भाजीपाला रानात सडत होता, आणि शेजारच्या तासगाव भागात विकली न गेलेली द्राक्षे बेदाण्यासाठी घातली जात होती. साखर कारखान्यांच्या फडांवर ऊसतोडणीची कुटुंबे अडकून पडली होती. त्यांना आरोग्य तपासणी करून गावी जाऊ देण्याचा निर्णय राज्य सरकारने १७ एप्रिलला घेतला. या सर्व अडचणींना गाव तोंड देऊ शकले, कारण अडचणीला तोंड देण्याची सवय या मातीला आहे. आमची खरी परीक्षा मे महिन्यात झाली. ती समजण्यासाठी आपल्या तालुक्याच्या स्वभावाकडे थोडे वळावे लागेल.

खटाव आणि माण हे पर्जन्यछायेतील तालुके. येरळेला पाणी असण्यापेक्षा नसण्याचेच दिवस अधिक. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना अधिक सांगणे नको. अशा मुलखात घरातील एकाने शेत राखावयाचे आणि दुसऱ्याने बाहेर पडावयाचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेले, कोणी माथाडी झाले, कोणी वाहनचालक झाले. खटाव, खानापूर, आटपाडी या भागांतील हजारो माणसे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी थेट केरळ-तामिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंतच्या सराफ पेठांत पसरली. भट्टीची धग आणि तेजाबाची वाफ सोसून त्यांनी मिळविलेल्या पैशावर येथील विहिरी खोदल्या गेल्या, देवळांचे जीर्णोद्धार झाले, शाळांच्या खोल्या उभ्या राहिल्या. आपल्या रुग्णालयाच्या खाटांवरील देणगीदारांच्या पाट्या वाचाव्यात. अनेक नावांखाली दूरच्या शहरांची नावे आढळतील.

दुष्काळात ही माणसे गावाला धावून येत. टँकरच्या रांगेत, चारा छावणीत, २०१९ पर्यंत दर उन्हाळ्यात चाललेल्या जलसंधारणाच्या श्रमदानात परगावची आणि गावातली माणसे एकत्र दिसत. दुष्काळ माणसांना एकत्र आणतो. साथ मात्र माणसांना माणसांपासून दूर राहावयास सांगते. जे गाव शेकडो वर्षे एका संकटाचा अभ्यास करीत आले होते, त्याच्यापुढे अगदी उलट्या स्वभावाचे संकट उभे राहिले.

मे २०२० मध्ये परवाने मिळू लागले आणि मुंबई-पुण्याची माणसे गावी परतू लागली. बंद पडलेल्या कामाचे भाडे कोठून द्यावयाचे, दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांनी अंतर कसे राखावयाचे, हे प्रश्न त्यांच्यापुढे होते. गावापुढे प्रश्न वेगळा होता. मुंबईत रुग्ण झपाट्याने वाढत होते आणि गावात वृद्ध माणसे अधिक होती. भीती निराधार नव्हती, हे आम्ही डॉक्टर म्हणून मान्य करतो. ठिकठिकाणी शिवेवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ते अडविले गेले. आलेल्यांची सोय प्राथमिक शाळांत झाली. मे महिन्याचे ऊन, वर पत्रा, एका खोलीत तीन कुटुंबे आणि अंगणात एक पाण्याची टाकी, अशी ती व्यवस्था होती.

या शाळांच्या फाटकांवर आम्ही दोन्ही प्रकारची दृश्ये पाहिली. एका शाळेत सत्तरीच्या एक माउली रोज सकाळी भाकरीचा डबा दगडावर ठेवून दहा पावले मागे सरत. मुलगा येऊन डबा उचली. “आई, आता घरी जा,” असे तो म्हणे. त्या मात्र त्याचे जेवण होईपर्यंत लिंबाखाली उभ्या राहत. दुसऱ्या एका ठिकाणी चौदा दिवस पूर्ण करून, कोणतेही लक्षण नसताना घरी गेलेल्या कुटुंबाला शेजाऱ्यांनी महिनाभर नळावर येऊ दिले नाही. विलगीकरणात असलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णय राज्याने मार्चमध्येच घेतला होता. शाई काही दिवसांत फिकट होई. लोकांच्या नजरेतील शिक्का टिकून राही.

आता आमच्याविषयी. मे महिन्याच्या अखेरीस एक वाहनचालक मुंबईहून गावी आले होते. मधुमेह जुना होता आणि पायाला चप्पल लागून जखम झाली होती. ताप नव्हता, खोकला नव्हता. ते आपल्या रुग्णालयाच्या फाटकाशी आले तेव्हा द्वारपालाने हातावरील शिक्का पाहिला आणि “दादा, तुम्ही मोठ्या दवाखान्यात जावा, हितं नाही चालायचं,” असे सांगून त्यांना परत पाठविले. सातारा येथून सुमारे ५० किलोमीटर. वाहन मिळावयास हवे, परवाना हवा, पैसा हवा. ते शाळेत परतले आणि हळद लावून बसले. आठ दिवसांनी आशा सेविकेने आम्हांला कळविले तेव्हा जखम हाडापर्यंत गेली होती. पुढे त्यांचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

दोष द्वारपालाचा नव्हता. शिक्का असलेल्यास आत घेऊ नये असे आम्हीच सांगितले होते. मग अशा माणसाने कोठे जावे, हे सांगण्याचे मात्र राहून गेले होते. आतील बाळंतिणी आणि वृद्ध रुग्ण यांचे रक्षण व्हावे हा आमचा हेतू होता. हेतू योग्य होता, व्यवस्था अपुरी होती, आणि त्या अपुरेपणाची किंमत एका कष्टकरी माणसाने मोजली. ज्या हाताने बाभळीची काटी टाकली त्याला आम्ही नावे ठेवीत होतो. आमच्या फाटकावरही तशीच एक काटी होती.

त्या रात्री आम्ही सर्व जण एकत्र बसलो आणि विलगीकरण म्हणजे नेमके काय, या प्रश्नाकडे प्रथमच नीट पाहिले. ‘क्वारंटाइन’ हा शब्द मुळात चाळीस या संख्येवरून आलेला आहे. प्लेगच्या काळात व्हेनिससारख्या बंदरांत जहाजांना चाळीस दिवस थांबवून ठेवीत, आणि मुदत संपली की माणसे किनाऱ्यावर उतरत. कोविडमध्ये ही मुदत चौदा दिवसांची ठरली, कारण संसर्गानंतर लक्षणे बहुधा पाच-सहा दिवसांत आणि फार तर चौदा दिवसांत दिसतात, असे तेव्हा आढळले होते. म्हणजे विलगीकरणाला कारण असते, मुदत असते आणि त्या मुदतीत त्या माणसाची काळजी वाहणारा कोणी तरी असतो. या तीन गोष्टींपैकी एक जरी गळाली, तर उरतो तो बहिष्कार. वाळीत टाकण्याची रीत आपल्या समाजाला फार जुनी ठाऊक आहे. म्हणूनच वैद्यकीय नियमाच्या आडून ती परत येणार नाही, याची दक्षता आपण अधिक घ्यावयास हवी.

२०२० मध्ये जो साथरोग कायदा लागू झाला, तो १८९७ चा आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेथून तो पुण्याकडे आणि आपल्या भागाकडे पसरला, आणि गावे सोडून माळावर खोपटी घालून राहिलेल्या माणसांच्या आठवणी जुन्या घरांतून अजून ऐकू येतात. त्याच प्लेगात पुण्याजवळ रुग्णांची सेवा करताना स्वतःला लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे देहावसान झाले. त्यांचा जन्म आपल्याच सातारा जिल्ह्यातील नायगावचा. रुग्णाला वेगळे ठेवणे आवश्यक आहे, हे त्यांच्या डॉक्टर पुत्राला, यशवंतरावांना, पूर्ण ठाऊक होते. त्यांनी उपचारांची सोय वस्तीबाहेरच केली होती. परंतु त्या वेगळ्या जागी रुग्णाबरोबर ती मायलेकरे स्वतः उभी होती. आम्हांला हवे असलेले उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्याच्या लेकीने देऊन ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेरील लिंबाखाली एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा पिंप आणि साबण अशी मांडणी झाली. नियम एकच ठरला : फाटकाशी आलेला कोणताही माणूस डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिल्यावाचून परत जाणार नाही. आत घ्यावयाचे की नाही, हे त्यानंतर ठरेल. अन्यत्र पाठवावयाचे असेल तर वाहनाची व्यवस्था आणि तेथील डॉक्टरांशी बोलणे आम्ही करू. विलगीकरणातील शाळांना आठवड्यातून दोनदा आमची परिचारिका भेट देऊ लागली. ज्यांची मुदत पूर्ण होई, त्यांच्याबरोबर आमचा एक कर्मचारी घरापर्यंत जाई, अंगणात बसून चहा घेई आणि मग परते. शेजारी पाहत असत. त्या एका कप चहाने जे साधले, ते आमच्या पत्रकांनी साधले नव्हते.

परिचारिकांनाही घरमालकांनी खोल्या रिकाम्या करण्यास सांगितल्याच्या घटना त्या काळात देशभर घडल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणारा अध्यादेश २२ एप्रिल २०२० रोजी काढावा लागला. आमच्या दोन भगिनी त्या उन्हाळ्यात रुग्णालयाच्या भांडारगृहात राहिल्या. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून ती येथे आम्ही नोंदवितो.

२०२१ ची दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर होती. सातारा जिल्ह्याने ती फार सोसली, आणि या सभागृहात क्वचितच एखादे घर असेल की ज्यातून कोणी गेले नाही. परंतु त्या वेळी गावांच्या शिवेवर काट्या दिसल्या नाहीत. ज्यांना पहिल्या उन्हाळ्यात शाळेत थांबविले होते, तेच तरुण प्राणवायूच्या टाक्या वाहून नेत होते. पहिल्या वर्षी शिकलेले काही तरी दुसऱ्या वर्षी उपयोगी पडले, एवढे समाधान आम्ही बाळगतो.

ज्यांचा पाय गेला ते गृहस्थ आता गावीच असतात आणि दर तीन महिन्यांनी तपासणीस येतात. त्यांच्या संमतीने ही हकीकत आम्ही सांगितली आहे. “नाव नको, पण सांगा,” एवढेच ते म्हणाले.

मान्यवरहो, लिंबाखालील ते टेबल आजही तेथे आहे. पावसात ते भिजते आणि उन्हात रुग्णांना तिष्ठावे लागते. त्या जागी पक्की, हवेशीर तपासणी खोली बांधावी, असा प्रस्ताव या अहवालात विश्वस्तांपुढे ठेवला आहे. पुढील साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा फाटकाशी आलेल्या माणसाला प्रथम कोण भेटेल, हे मात्र आपण आजच ठरवू शकतो. परगावी राहून या संस्थेला सतत हात देणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना आम्ही विशेष विनंती करतो की त्यांनी या खोलीस साह्य करावे, आणि एक शब्दही आमच्याकडून घ्यावा : आपण गावी याल त्या दिवशी, कोणत्याही काळात, या फाटकावर आपल्याला कोणी परत पाठविणार नाही.